नावेत अबोला चालत नाही

मी शिक्षिका म्हणून बदलून आले त्या हिंगोलीच्या शाळेत कोकणातून आलेल्या एक बाई होत्या. मधल्या सुट्टीत डबे उघडले की त्यांना हमखास आगबोट आठवायची. बोट मुंबईहून निघायची, एकेक बंदर घेत खाली यायची, भोंगा वाजला की सगळं गाव धक्क्यावर धावायचं, बोट आत खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीत बसून तिच्यापर्यंत जावं लागायचं. पुढे ती बोट बंद पडली. एवढं सांगेपर्यंत बाईंचे डोळे भरलेले असायचे आणि ऐकणाऱ्या दोघीतिघींचेही. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, "तुमच्याकडं काय बाई, पाणीच नाही, तर बोट कुठली!"

मला असा राग यायचा! श्रावणात पैनगंगेचं पाणी आमच्या गावच्या मारुतीच्या पायरीला लागायचं, आणि या म्हणतात पाणी नाही. आमच्याकडेही नाव होती. भोंगा नव्हता, मजले नव्हते, कप्तान नव्हता. डांबर फासलेली, बुडाला पाणी गळणारी, काळी लाकडी नाव. ती बंद झाली तेव्हा मी अजिबात रडले नाही. सुटले एकदाची, असं म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती. ज्यांना नावेचं फार कौतुक वाटतं त्यांनी एकदा भर भाद्रपदात, मांडीवर लेकरू आणि पायाशी बिथरलेली शेळी घेऊन, तिच्यात बसून बघावं.

माझं माहेर सेनगाव तालुक्यात, नदीच्या अलीकडे. बाजार, मोठा दवाखाना आणि निम्मे सोयरे पलीकडे, वऱ्हाडात. निजामाच्या काळात तर आमच्या काठाला त्याचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा कारभार, पण सोयरीक कुणी थांबवली नाही. फार पूर्वी लोक गूळ करायच्या काहिलीत बसून पार व्हायचे म्हणतात. त्या मोठ्या लोखंडी कढईला वल्हं मारलं की ती पुढे जाण्याऐवजी जागेवर गरगर फिरायची. मग नाववाल्या मामाच्या वडिलांनी सागवानाची नाव केली. पावसाळा लागला की ती पाण्यात उतरायची आणि होळीला नदी गुडघ्याएवढी झाली की काठावर यायची. मी पाहिली ती हीच नाव, दर वर्षी एखादी फळी बदललेली.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा नव्हे. नावाडी साऱ्या गावाचाच मामा होता. जातीनं भोई, अंगानं काटक आणि तोंडानं असा फटकळ की पाटलालाही "पाय आत घे" म्हणायला भ्यायचा नाही. त्याचा एक नियम होता. नावेत अबोला घेऊन बसायचं नाही. माणसं भरली की तो हातात नाव ढकलायचा बांबू घेऊन उभा राहायचा, एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "बोलून घ्या." मग ज्यांचं ज्यांचं बिनसलेलं असेल त्यांनी एकमेकांशी एक तरी शब्द बोलायचा. त्याशिवाय तो बांबू टेकवायचा नाही. सासवा-सुना बोलायच्या, भांडून माहेरी निघालेली बायको मागून आलेल्या नवऱ्याशी बोलायची. "मेलास का न्हाई अजून?" एवढंही त्याला पुरायचं. गोड बोला असं त्याचं म्हणणं नव्हतं.

हा नियम कुठून आला ते तो न विचारता सांगायचा. त्याच्या वडिलांच्या वेळी दोन जावा नावेत बसल्या. दोघींचा अबोला. मधोमध गेल्यावर एकीच्या पायाखालची फळी सुटली आणि पाणी आत यायला लागलं. ते दुसरीला दिसत होतं, पण बोलणार कशी? ती तोंड फिरवून बसून राहिली. नाव बुडाली. माणसं सगळी वाचली, पण बाजारातून आणलेली गुळाची भेली विरघळून गेली. गोष्ट सांगताना कधी भेलीबरोबर बकरी असायची, कधी नसायची. शेवट मात्र ठरलेला. "पाण्यावर ज्याला दिसलं त्यानं बोलाया पायजे. जमिनीवर तुमी काय करायचं ते करा."

आता आमच्या घरातल्या अबोल्याविषयी. माझे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. आमच्या गावात पोळ्याला आमच्या घराण्याचा बैल तोरणाखालून आधी जायचा मान, आणि त्यातही मोठेबाबांची जोडी पहिली. त्या वर्षी बाबांनी नवा लाल कंधारी बैल आणला होता. डफडं वाजायला लागलं तसा तो उधळला आणि बाबांना कासऱ्यासकट ओढत, सगळ्या गावाच्या देखत, तोरणाखालून पहिला निघून गेला. मोठेबाबा त्यांची सजवलेली जोडी धरून तसेच उभे.

"दादा, बैलाला काय मान कळतो?" धापा टाकत बाबा म्हणाले.

"बैलाला न्हाई कळत, पन धन्याला कळतो," मोठेबाबा म्हणाले, आणि जोडी घेऊन घरी गेले.

तेव्हापासून बंद. मी तेव्हा सातवीत होते. बैल पुढे म्हातारा झाला, विकला, पण या दोघांचं काही मिटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. आई आणि मोठीआई दोघी विहिरीवर खुशाल बोलायच्या, एकमेकींकडे विरजण मागायच्या. पुरुषांना काय, त्यांना पाणी आयतं मिळत होतं. बाजाराच्या दिवशी बाबा पहिल्या खेपेला जायचे आणि मोठेबाबा दुसऱ्या खेपेला, म्हणजे मामाच्या तावडीत सापडायला नको. गावातल्या शेंबड्या पोरालाही ही व्यवस्था ठाऊक होती.

माझं डी.एड. झालं आणि पलीकडून स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर खातंपितं, माणसं बरी. मला पाहून गेले, पसंती आली. तो मुलगा मलाही आवडला होता, हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, पण आता सांगायला काय हरकत आहे! मग त्यांच्याकडे बैठकीला जायचं ठरलं, म्हणजे बोलणी करून सुपारी फोडायची. मुलाच्या वडिलांनी निरोपात एकच अट घातली. पोरीचा थोरला चुलता आला पाहिजे. भावकी एक नाही अशा घरची मुलगी त्यांना नको होती. त्यांच्या एका बहिणीचे त्यावरून फार हाल झाले होते. कुठून तरी कुणकुण त्यांच्या कानावर गेली असावी.

आई मोठीआईकडे गेली. मोठीआईनं मोठेबाबांपुढे ताट ठेवताना विषय काढला. ते जेवून, हात धुऊन, आचवून झाल्यावर म्हणाले, "पोरगी माझीबी हाय. येतो. पन त्याच्यासंगं बोलनार न्हाई."

बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे. मी तरी कुठं बोलून राहिलो."

नियम सगळ्यांच्याच लक्षात होता, पण आई म्हणाली, शुभ कामाला चाललेत, मामा एक दिवस कानाडोळा करेल. त्या सकाळी मी आणि आई धुण्याचं निमित्त करून काठावर गेलो. धुण्यात फक्त दोन चादरी होत्या, आणि त्याही धुतलेल्या. नाव भरली. एका टोकाला बाबा, पायाशी कापडी पिशवीत नारळ, सुपाऱ्या आणि बैठकीची साखर. दुसऱ्या टोकाला मोठेबाबा, पांढरीशुभ्र टोपी, तोंड नदीकडे. मध्ये भावकीतली चार माणसं आणि बाजाराला निघालेली तांड्यावरची एक म्हातारी.

मामा बांबू घेऊन उभा राहिला. सगळ्यांकडे पाहिलं. "बोलून घ्या."

 भावकीतल्या एकानं हळूच सांगितलं, "मामा, आज राहू द्या. पोरीच्या कामाला चाललो."

"पोरीच्या कामाला चालले म्हनूनच म्हनून राहिलो," मामा म्हणाला. "बोला न्हाईतर उतरा."

पलीकडच्या काठावर जीप येऊन उभी होती. माणसंही दिसत होती, मुलाकडची. ती डोळ्यांवर हाताची सावली धरून आमच्याकडे बघत होती. नाव भरलेली, नदी शांत, ऊन पडलेलं, आणि नाव हलत नाही. का हलत नाही हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? आईनं चादर दगडावर आपटायला घेतली आणि आपटता आपटता ती रडत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. मला मामाचा राग आला, बाबांचा आला, मोठेबाबांचा आला, त्या मेल्या बैलाचाही आला. वाटलं, आपणच पाण्यात उतरावं आणि नाव ढकलून द्यावी.

तांड्यावरची म्हातारी बोलली, "काहून रे असे बसून राहिले? सक्खे भाऊ ना तुमी?" तरी दोघं ढिम्म. बाबा अलीकडच्या बाभळीकडे बघत होते आणि मोठेबाबा पाण्याकडे.

नाव गळकी होतीच. थांबून थांबून तिच्या बुडाशी पाणी साचलं आणि नाव जराशी कलली तसं ते बाबांच्या टोकाकडे गेलं. बाबांचं लक्ष नव्हतं. मोठेबाबांनी मान वळवली तेव्हा त्यांना पिशवी दिसली. पिशवीचा खालचा भाग ओला होत चालला होता. मी काठावरून त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, टोपी सारखी केली. पिशवीकडे पुन्हा पाहिलं.

"अरे पिशवी उचल," ते एकदम ओरडले, "पोरीची साखर भिजून राहिली!"

बाबांनी दचकून पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि म्हणाले, "व्हय दादा."

"झालं," म्हणून मामानं बांबू टेकवला आणि नाव सोडली. पुढे कुणाला विचार करायला त्यानं वेळच ठेवला नाही.

माझा जीव भांड्यात पडला. आई ओल्या चादरीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र दोन्ही केलं. त्या दिवशी सुपारी फुटली. बैठकीत वाटलेली साखर जराशी दमट होती, असं माझे सासरे पुढे बरीच वर्षं सांगायचे. दमट का, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

लग्न झालं आणि नाव माझ्या मानगुटीवर बसली. मला पाण्याची पहिल्यापासून भीती. सणाला माहेरी जायचं म्हणजे आधी दोन दिवस नदीला पाणी किती याची चौकशी. पाणी वाढलं की नाव बंद, की मग काठावर बसून राहा, नाहीतर जीप आणि एसटी बदलत मोठा वळसा घालून जा. माझ्या लेकाचा पहिला पोळा, पहिली दिवाळी, सगळं त्या नावेतून. एकदा मधोमध वल्हं मोडलं आणि आम्ही खालच्या वळणापर्यंत वाहत गेलो, तेव्हा मी शपथ घेतली की पूल झाला की या लाकडात पुन्हा पाय ठेवणार नाही.

पण तिच्यात बसल्यामुळेच मला एक गोष्ट कळली. बाबा आणि मोठेबाबा आता एकाच खेपेला बाजाराला जात होते. जमिनीवर त्यांचा अबोला जसाच्या तसा होता. गल्लीत समोरासमोर आले की एक जण लिंबाच्या झाडाकडे बघायचा आणि दुसऱ्याला खोकला यायचा. काठापर्यंत दोघं वेगवेगळ्या वाटांनी यायचे. नावेत बसले, मामानं "बोलून घ्या" म्हटलं, की सुरू! सोयाबीनवरची अळी, तुरीचा बहर, मोठीआईचा गुडघा, माझ्या लेकाचे दात, कशावरही. समोरच्या काठाला नाव लागली की दोघं गप्प. बाबांचं वाक्य अर्धं राहिलं तर ते येतानाच्या खेपेला पुरं व्हायचं, नाहीतर पुढच्या बाजाराला. मी एकदा माझ्या कानांनी ऐकलं. नावेत पाय ठेवल्या ठेवल्या बाबा म्हणाले, "...म्हनून मी त्याला म्हनलं, बी बराबर न्हाई." मोठेबाबांनीही लगेच मान हलवली. सगळं गाव हे बघायचं आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. मामा तर अशा वेळी मुद्दाम वल्हं सावकाश मारायचा.

मी आईला म्हणाले, आता जमिनीवरही बोलायला काय झालं? आई म्हणाली, "बोलले तर कोनीतरी आधी बोलला असं व्हईल ना. नावेत मामाचा हुकूम हाय, तिथं कोनी हरत न्हाई."

पुलाचं काम सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. नुसते खांब नदीत उभे, त्यांवर बगळे बसायचे. आमचा तालुका परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात आला तरी खांब तसेच. शेवटी एकदाचा तो झाला. त्या दिवशी मी सासरहून जीपमध्ये बसून, लेकराला मांडीवर घट्ट न धरता, पाणी खालून वाहतंय आणि मी वरून चाललेय असं बघत माहेरी गेले. किती हलकं वाटलं ते कसं सांगू! रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर आता काठावरून हाका माराव्या लागणार नव्हत्या. बाळंतिणींचे हाल संपले. नावेच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांना ही सुटका माहीत नसते.

आई मात्र त्या आनंदात नव्हती. चहा देताना म्हणाली, "पूल लई चांगला झाला. पन आता हे दोघं बोलायचे कुठं?"

मला हे सुचलंच नव्हतं. पूल कुणाला काही विचारत नाही. भांडून या, रुसून या, खुशाल पार व्हा. बाजाराच्या दिवशी बाबा एका जीपमध्ये बसले आणि मोठेबाबा दुसऱ्या. नंतरच्या बाजारालाही तसंच. मामानं नाव काठावर ओढून घेतली आणि मासे धरायला लागला. पुढे आई फोनवर सांगायची, बाबांचं जेवण कमी झालं, उगाच वसवस करतात. मोठीआईकडची बातमी काही वेगळी नव्हती. दोघंही थकत चालले होते. वर्षानुवर्षं ज्या पुलाची वाट पाहिली, त्यानं आमच्या घरात हा घोळ घालून ठेवला. यातला एखादा असाच, न बोलता, गेला तर? हा विचार आला आणि मला रात्रीची झोप लागेना.

शेवटी मी ठरवलं, आता खूप झालं. आपण जायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि चांगलं सुनवायचं. शाळेत पोरांना सरळ करतेच की. वाटेत काय काय बोलायचं ते मी मनात पाठ करत होते. जीप पुलावर आली. मी सहज खाली पाहिलं.

खाली, माहेरच्या काठाला, बाभळीच्या सावलीत नाव होती. पाण्यापासून चांगली लांब, कोरड्या वाळूवर. आणि नावेत दोन पांढऱ्या टोप्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

"थांबवा, थांबवा!" मी ओरडले. जीपवाल्याला वाटलं, बाईंचं काही पडलं. पूल ओलांडल्यावर मी उतरले आणि चप्पल हातात घेऊन वाळूतून खाली गेले. मामा जवळच जाळं विणत बसला होता. मी त्याला खुणेनंच विचारलं, हे काय?

"आधी तुजा बाप आला," मामा म्हणाला. आवाज खाली आणायची त्याला सवयच नव्हती. "म्हने नावेला वाळवी लागली का पाहातो. बसून पाहून राहिला. मंग दुसऱ्या दिवशी चुलता आला. त्यालाबी वाळवीच पाहायची. आता रोजच येऊन राहिले. मी 'बोलून घ्या' म्हनतो, ते बोलत्यात. मला तर वाटते, हे दोघं बसून बसूनच नाव झिजवत्यात."

"मंग मोडून इकली काहून न्हाई?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा माहेरची होते.

"इकीन की," तो म्हणाला. "वाळवी पाहून झाली की इकीन."

मी नावेपाशी गेले. दोघं बोलत होते. कशाबद्दल? त्याच लाल कंधारी बैलाबद्दल. असा पाणीदार बैल पुन्हा आपल्या दावणीला आला नाही, असं मोठेबाबा म्हणत होते, आणि बाबा "व्हय दादा, व्हय दादा" करत होते. माझी पाठ केलेली सगळी बोलणी कुठच्या कुठे गेली. इतकी वर्षं उरावर घेतलेलं ओझं कुणीतरी न सांगता उतरवून ठेवावं तसं झालं. मला रडू यायला लागलं, आणि त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी शपथ मोडली. नावेच्या कडेला हात टेकवून आत पाय टाकला.

"बस," बाबा म्हणाले. "पन बोलून बस."

मी तोंड उघडलं. साऱ्या शाळेला जिचा आवाज ऐकू जातो, तिच्या तोंडून शब्द फुटेना. मामानं जाळं खाली ठेवलं आणि उठून उभा राहिला, हातात बांबू असल्यासारखा. आम्ही तिघं कोरड्या वाळूवरच्या त्या नावेत, माझ्या शब्दाची वाट बघत. मग मोठेबाबांनी शेजारची बाजाराची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी जागा केली.

"साखर हाय का हिच्यात?" मी विचारलं.

"हाय," मोठेबाबा म्हणाले. "कोरडी हाय."